तारमास्तर निकानोरचे नव्वद दिवस

तोलाविरी स्टेशनात उतरून कुणी काही गरम प्यायला मागितलं की लिबोरिया आधी त्याच्या हातात जांभळ्या मक्याच्या आपीचा वाफाळता पेला द्यायची. मग टपरीमागच्या बाकावर बसलेल्या म्हातारीकडे बोट दाखवून म्हणायची, "ही माझी आई. राष्ट्रपतींचा कान धरलेली बाई."

"कान नव्हता धरला गं," म्हातारी बासिलिया म्हणायची, "बोट धरलं होतं. तारमास्तरला बोटच तर शिकवायचं असतं."

आणि ते खरंच होतं.

निकानोर ओब्लितास पहिल्यांदा तोलाविरीत उतरला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. खालच्या खोऱ्यातला, पीचच्या बागांच्या गावचा. पठारावरची थंडी त्याला ठाऊकच नव्हती. अंगात पातळ कोट, हातात दोरीने बांधलेली पेटी, नाक लाल. बासिलिया त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिचे वडील याच स्टेशनात तारमास्तर होते, ते खोकल्याने गेले आणि त्यांची खुर्ची तिला मिळाली. बाईमाणसाला तारेवर बसवलं म्हणून सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. पण तिच्या हातून एक अक्षर चुकत नाही हे दिसल्यावर नाकं आपोआप सरळ झाली.

निकानोरच्या उजव्या हाताची तर्जनी लहानपणी खेचराच्या दोरात अडकून मोडली होती आणि वाकडी जुळली होती. तारयंत्राची कळ दाबताना ते बोट जरासं लंगडायचं. कडकट्ट, कडकट्ट, आणि मग मध्येच एक सुस्त कट्ट.

"दोन्या बासी, माझ्याच्याने हे जमायचं नाही," तो आठव्या दिवशी म्हणाला. मोठ्या बाईला तिकडे मानाने दोन्या म्हणतात.

"जमेल. लंगडा माणूस चालतो की नाही? तुझं बोट लंगडत चालेल. फक्त थांबू नको."

"आणि पलीकडचा हसला तर?"

"हसू दे. त्याला कळेल तरी कोण बोलतंय ते."

महिन्याभरात तो तयार झाला. त्याला पलीकडच्या जंक्शनात नेमणूक मिळाली, आणि पुढची तीन वर्षं दोघं रोज तारेवर बोलत होते. मालगाडी किती वाजता सुटली, लामांचा कळप रुळावर बसलाय, आज तुमच्याकडे वारा कसा आहे. बासिलियाचा नवरा सेरापियो स्टेशनात सांधेवाला होता. त्याला कळांची भाषा येत नव्हती. तरी तो दारात उभा राहून विचारायचा, "काय म्हणतोय तुझा लंगडा?" आणि निकानोरला रोज एक नमस्कार धाडायला लावायचा.

मग दक्षिणेची लढाई लागली. सेरापियोला बंदूक मिळाली आणि निकानोरला तारयंत्र. आघाडीमागच्या छावणीत बसून मेलेल्यांच्या याद्या वर पाठवायच्या, हे त्याचं काम. त्या याद्या तोलाविरीत यायच्या आणि इथून पठारावरच्या गावांना वाटल्या जायच्या.

फौजेचा नियम साधा होता. आडनाव आणि नंबर, बस्स. निकानोरने पहिल्या आठवड्यातच तो मोडला. तो प्रत्येकाचं पूर्ण नाव पाठवायचा. पाळण्यातलं नाव, बापाचं आडनाव, आईचं आडनाव. वरिष्ठांनी दोनदा तंबी दिली. तिसऱ्यांदा त्याला दोन दिवस कोठडीत बसवलं. बाहेर आल्यावर त्याने पुन्हा पूर्ण नावं सुरू केली.

तोलाविरीच्या खिडकीशी बाया येऊन उभ्या राहायच्या. बासिलिया वाचून दाखवायची. एका म्हातारीने आपल्या लेकाचं नाव ऐकलं. मग म्हणाली, "माझं आडनावही आलंय त्यात?"

"आलंय."

"कुणी पाठवलं?"

"ओब्लितास म्हणून एक पोरगा आहे."

म्हातारीने ते नाव दोनदा स्वतःशी म्हटलं आणि पदराला गाठ मारावी तसं सोबत नेलं.

फेब्रुवारीत एका सकाळी अकरा जणांची यादी आली. सात नावं झाली आणि यंत्र थांबलं. बासिलियाला वाटलं, वाऱ्याने तार तुटली. तिने विचारलं, आहेस का? उत्तर आलं, आहे. मग परत शांतता. ती पेन्सिल धरून बसली होती. ती शांतता कशाची आहे हे तिला समजलं तेव्हा अजून एकही अक्षर आलं नव्हतं. मग ते लंगडं बोट सावकाश चालू लागलं: सेरापियो कोल्के चोके.

तिने लिहून घेतलं. यंत्र पुन्हा गप्प. तेव्हा तिनेच कळ दाबली आणि कळवलं, पुढची तीन नावं दे. बाया खिडकीशी उभ्या आहेत.

लिबोरिया तेव्हा चौदा महिन्यांची होती.

लढाई हरून माणसं परत आली, तसा निकानोरही आला. वाळलेला, तापाने पिवळा पडलेला. रेल्वे कामगारांच्या सभेत तो उठून उभा राहिला आणि लढाईत मेलेल्यांच्या विधवांना पेन्शन मिळालं पाहिजे, इतकंच बोलून खाली बसला. चार वाक्यं असतील नसतील. पण सभेत कुणीतरी ओरडलं, "हाच तो! पूर्ण नावंवाला!" आणि माणसं उठून उभी राहिली. पुढच्या निवडणुकीत रेल्वेवाल्यांनी त्याला उभं केलं. पठारावरच्या ज्या गावात त्याने कधी पाऊल ठेवलं नव्हतं, तिथल्या बापांनी आणि भावांनी त्याला मतं दिली. बायांना तेव्हा मत नव्हतं. पण मत कुणाला द्यायचं हे त्या घरातून निघतानाच सांगत होत्या.

असा तारमास्तर राजधानीत गेला आणि पंचवीस वर्षं तिथल्या संसदेच्या बाकावर बसला. पेन्शनचा कायदा व्हायला त्यातली सहा वर्षं गेली. वक्ता म्हणून त्याचं नाव कधी झालं नाही. बाकीचे दोन-दोन तास बोलत, हात हवेत फिरवत. हा उठायचा, नियमाचा नंबर सांगायचा आणि बसायचा. विरोधक टोमणे मारायचे, "ओब्लितास शब्द मोजून बोलतात. तारघरातली खोड!" वर्तमानपत्रवाल्यांनी त्याचं व्यंगचित्र काढलं, तोंडाच्या जागी तारेचा कागद. त्याने ते कापून बासिलियाला पाठवलं आणि खाली लिहिलं, "नाक मात्र बरोबर काढलंय."

सरकारं आली, सरकारं गेली. एकदा त्याला सरोवरातल्या बेटावर आठ महिने नजरकैदेत ठेवलं. तिथे तो शिपायांना कळांची भाषा शिकवत बसला. राजधानीत त्याने लग्न केलं. बायको एल्वीरा चांगली होती, सहा वर्षांत गेली. मूल नव्हतं.

दर वर्षी कार्निव्हालच्या आधी तो आपल्या गावी जायला निघे. तोलाविरीत इंजिन पाणी भरायला वीस मिनिटं थांबायचं. ती वीस मिनिटं त्या दोघांची. बासिलिया आपी आणि चीज भरलेली गरम पुरी घेऊन फलाटावर उभी असायची. तो डब्यातून उतरताना आधी टोपी काढायचा.

"केस गेले रे तुझे."

"डोक्यावरून सरकारं गेली की केस जातात, दोन्या बासी."

"आणि खोकला?"

"तो मात्र पक्ष बदलत नाही."

लिबोरिया हे सगळं बघत मोठी झाली. तिला वाटायचं, हे दोघं एवढं कमी का बोलतात? वर्षभराचं साठलेलं, आणि विचारायचं काय, तर केस आणि खोकला. पुढे तिच्या लक्षात आलं. वर्षाकाठी कितीदा तरी दुपारी, लाइन रिकामी असली की राजधानीच्या रेल्वे कचेरीतल्या जुन्या यंत्रावर जाऊन तो चार ओळी पाठवायचा. बोलणं तिथे होऊन गेलेलं असायचं.

सिनेटमधल्या दोन गटांची सभापतिपदावरून जुंपली. एकाचा माणूस दुसऱ्याला चालेना. अडीच आठवडे खुर्ची रिकामी. शेवटी कुणीतरी म्हणालं, ओब्लितासला बसवा, तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. दोघांनाही वाटलं, कुंपण आहे हे, आपण पाहिजे तेव्हा ओलांडू.

तो बसला, आणि चौदा महिन्यांनी देशच ढासळला. राजधानीत दंगे झाले. राष्ट्रपती विमानात बसून पळाले. उपराष्ट्रपतींनी परक्या वकिलातीत आसरा घेऊन राजीनामा धाडला. घटनेप्रमाणे पुढचा नंबर सिनेटच्या सभापतीचा.

बुधवारी दुपारी स्टेशनातल्या रेडिओवर बातमी आली. लिबोरिया धावत तिकिटाच्या खिडकीशी आली. "आई! निकानोर राष्ट्रपती झाला!"

"कोण निकानोर?"

"किती निकानोर ओळखतेस तू?"

बासिलिया तिकिटावर शिक्का मारत होती. तिने तो मारला, गिऱ्हाइकाला तिकीट दिलं, आणि मग खुर्चीत बसली. "त्याच्याकडे धड कोट तरी आहे का?" ती म्हणाली.

हंगामी राष्ट्रपती. मुदत नव्वद दिवस. काम एकच, निवडणूक घेऊन बाजूला व्हायचं. पहिल्या महिन्यात त्याने तुरुंगातले वर्तमानपत्रवाले सोडले आणि मतदारयाद्या मागवल्या. या याद्याही त्याने पूर्ण नावांनिशी लिहून घ्यायला लावल्या, म्हणून कारकून कुरकुरले.

एकेचाळिसाव्या दिवशी सान्ता बार्बाराच्या कथिलाच्या खाणीत संप झाला. आत धूर कोंडून चार माणसं गेली होती, आणि मॅनेजर म्हणत होता, चूक त्यांचीच. खाणकामगारांनी कचेरी ताब्यात घेतली. दक्षिणेच्या छावणीतला कर्नल मालपार्तिदा अशाच संधीची वाट बघत होता. त्याने कुणाला न विचारता सहा डबे सैनिक भरले आणि गाडी काढली. खाणीत रक्त सांडलं की देश घाबरेल, देश घाबरला की निवडणूक नको म्हणेल, हे त्याचं गणित होतं. टेलिफोनची कचेरी फौजेच्या हातात. मंत्री म्हणाले, "निकानोरसाहेब, उद्यापर्यंत थांबू या."

राष्ट्रपती उठले, टोपी घेतली आणि दोन चौक चालत रेल्वेच्या कचेरीत गेले.

खाणीचा फाटा तोलाविरीतून फुटतो. तिथे दुपारचे तीन वाजले होते. स्टेशनमास्तर एल्मेर, तिशीतला, भला पण भित्रा माणूस. त्याला फौजेचा टेलिफोन येऊन गेला होता: खास गाडी येतेय, फाट्याची लाइन मोकळी ठेव. तो सांधेवाल्याला हाक मारणार, तोच कोपऱ्यातलं यंत्र वाजू लागलं. त्यावर महिनोन्‌महिने कामाची तार आली नव्हती. बासिलिया पुढे झाली. तिला कागदाची गरज नव्हती.

"काय म्हणतंय?" एल्मेरने विचारलं.

"फौजेची गाडी सान्ता बार्बाराला जाऊ देऊ नका. राष्ट्रपतींचा हुकूम. निकानोर ओब्लितास."

एल्मेरने टेलिफोनकडे पाहिलं. "दोन्या बासिलिया, राजधानीत बसून कुणीही खटखट करेल! मी फौजेची गाडी अडवायची, तीही खटखटीवर?"

"हात त्याचा आहे."

"तुम्हाला कळतो. मला कसा कळणार? उद्या मला भिंतीशी उभं केलं तर मी काय सांगू, हात ओळखीचा होता?"

त्याचंही खोटं नव्हतं. बासिलियाने कळ दाबली. कळवलं, स्टेशनमास्तर खूण मागतोय. फेब्रुवारीतल्या त्या अकरा जणांच्या यादीतलं आठवं नाव सांग. मग एल्मेरला म्हणाली, "त्या भिंतीवर पत्र्याच्या पेटीत लढाईच्या वेळचे कागद आहेत. वरून तिसरा काढा."

एल्मेरने पेटी उघडली. यंत्र गप्प होतं. बासिलिया खिडकीबाहेर बघत होती. मग कडकट्ट सुरू झालं, आणि ती एकेक अक्षर मोठ्याने सांगत गेली. एल्मेर पिवळ्या कागदावर बोट ठेवून वाचत होता. सेरापियो कोल्के चोके. त्याने कागद घडी करून परत ठेवला. टोपी सरळ केली.

"फाट्याचा सिग्नल पाडू नका," तो बाहेर ओरडला, "गाडी बाजूच्या रुळावर घ्या!"

पाऊण तासाने गाडी आली आणि बाजूच्या रुळावर, रूळ संपतो तिथल्या बफरच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. कर्नल मालपार्तिदा पिस्तुलाच्या पट्ट्यावर हात ठेवून उतरला. "लाइन का नाही?"

एल्मेरने मागे पाहिलं. बासिलिया म्हणाली, "अडवलीय."

"कुणी?"

"राष्ट्रपतींनी."

"कोण, तो हंगामी?"

"हंगामी तर हंगामी. आज हंगाम त्याचाच आहे."

कर्नलने इंजिन ड्रायव्हरला हुकूम सोडला, गाडी मागे घे आणि फाट्याला लाव. ड्रायव्हर रेल्वे युनियनचा जुना माणूस. त्याने फलाटावर कान देऊन सगळं ऐकलं होतं. "साहेब, आग विझली," तो म्हणाला.

"विझली कशी?"

"वरच्याची मर्जी फिरली की विझते."

खरं तर त्याने नुकतीच सगळी आग खाली राखेत ओढून टाकली होती. इंजिन पुन्हा तापायला सहा तास हवे होते. डब्यांतली सैनिक म्हणवणारी मंडळी पठारावरचीच होती, कालपर्यंत लामा राखणारी. ती थंडीने कुडकुडत फलाटावर उतरली. लिबोरियाने त्यांना आपी दिली. एकाने हळूच विचारलं, "बाई, खाणीत माझा मामा आहे. तिथे काय चाललंय?" मग कर्नलच्या हुकमाला पहिल्यासारखी धार राहिली नाही. रात्रभर इंजिन कुणी पेटवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुळावरून रेल्वेची छोटी मोटार आली. आत राष्ट्रपती, एक सचिव आणि एक घोंगडी. कर्नलने सलाम ठोकला, दात आवळून. निकानोर मोटारीतून न उतरता त्याला एवढंच म्हणाला, "इंजिन तापलं की परत जा, कर्नल," आणि पुढे खाणीकडे गेला. तिथे तो दोन दिवस राहिला. मॅनेजरला काढलं, मेलेल्या चौघांच्या घरी जाऊन बसला. मजुरीवाढीचं त्याला जमलं नाही. ते त्याने तोंडावर सांगितलं. कामगारांनी शिव्या दिल्या, पण कचेरी मोकळी केली.

परतताना मोटार तोलाविरीत थांबली. तिला पाणी भरायचं नव्हतं, तरी थांबली. दोघं बाकावर बसले. सचिव घड्याळ बघत लांब उभा राहिला.

"जनरल मंडळी म्हणतात, अजून एक वर्ष राहा," निकानोर म्हणाला. "माझ्या पक्षाचेही म्हणतात. निवडणुकीला देश तयार नाही म्हणे."

"तुला काय वाटतं?"

"राजवाड्यात गरम पाणी येतं, दोन्या बासी. नळातून."

ती हसली. "मग राहशील?"

"बदलीवाल्याने काय करायचं असतं, तुम्हीच शिकवलंत. पाळी संपली की खुर्ची पुढच्याला द्यायची. तो उशिरा आला तरी, तो आवडत नसला तरी."

"तो मूर्ख असला तरी," ती म्हणाली.

"यंदाचा आहेच," तो म्हणाला, आणि दोघांनी पुऱ्या संपवल्या.

नव्वदाव्या दिवशी त्याने छातीवरचा राष्ट्रपतिपदाचा पट्टा उतरवून निवडून आलेल्या माणसाच्या खांद्यावर घातला आणि ट्रामने घरी गेला.

कथा इथे संपली असती तर बरं झालं असतं. निवडून आलेलं सरकार दीड वर्ष टिकलं. मग फौजेने सत्ता घेतली, आणि नव्या मंडळात मालपार्तिदा होता. तो काही विसरला नव्हता. एल्मेरची नोकरी गेली. बासिलियाला पेन्शनला तीन महिने उरले असताना काढलं. विधवांच्या पेन्शनच्या कायद्यासाठी नवरा मेल्यापासून वाट पाहिलेल्या बाईला स्वतःचं मात्र मिळालं नाही. ती लिबोरियाच्या टपरीवर बसू लागली. निकानोरला सीमेपलीकडे हाकललं. परक्या बंदरात तो नऊ वर्षं रेडिओ दुरुस्त करत राहिला. त्याची पत्रं यायची, उघडून पुन्हा चिकटवलेली. केसांबद्दल आणि खोकल्याबद्दल.

त्याला परत येऊ दिलं तेव्हा तो राजधानीत थांबला नाही. थेट खोऱ्यातल्या आपल्या गावी गेला. आगगाडी बंद झाली होती, तारेचे खांब लोकांनी छपरांना वापरले होते. म्हणून बासिलिया बहात्तराव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा बसमध्ये बसली. लिबोरिया सोबत होती. पठार उतरताना तिचे कान बंद झाले, अंगातली शाल काढावी लागली. गावात उतरून त्यांनी पारावर खेळणाऱ्या मुलींना विचारलं, "राष्ट्रपतींचं घर कुठलं गं?"

"अध्यक्ष ना? पाण्याच्या कमिटीचे?" एक मुलगी म्हणाली. "ते पाटावर गेलेत. आज भांडण आहे."

भांडण खरंच होतं. पाटाच्या कडेला पाच-सहा शेतकरी हातवारे करत होते, आणि मधोमध गुडघाभर पाण्यात, विजार वर दुमडून, देशाचे माजी राष्ट्रपती उभे होते. कुणाची पाळी किती तासांची, हे ते नियमाचा नंबर सांगून समजावत होते. एक जण ओरडत होता, "अध्यक्षसाहेब, तुम्ही त्याच्याच बाजूने बोलता!" आणि निकानोर म्हणत होता, "तू काल चोरून फळी उचललीस ती कुणाच्या बाजूने होती, सांग बघू."

त्याने वर पाहिलं. टोपी काढायला हात डोक्याकडे गेला, पण टोपी नव्हती.

"खोऱ्यात थंडी नाही म्हणून सांगायचास," बासिलिया म्हणाली. "मग पाय का कापतायत तुझे?"

"पाणी वरून येतं, दोन्या बासी. तुमच्याकडून."

ती चार दिवस राहिली. सकाळी बागेत बसायची, दुपारी पीच सोलायची. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून एकेका स्टेशनाचं नाव घ्यायचे आणि तिथे कोण होतं, कुणाचा हात कसा चालायचा, ते आठवायचे. लिबोरियाने त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. एका संध्याकाळी निकानोर म्हणाला, "छावणीत त्या दिवशी मला ते नाव पाठवायचं नव्हतं. वाटलं, दुसऱ्या कुणाला कळ देऊन उठावं."

"मग का नाही उठलास?"

"दुसऱ्याने नुसता नंबर पाठवला असता."

हातातला पीच बासिलियाने सोलून त्याच्यापुढे ठेवला.

पुढच्या ऑगस्टमध्ये तो गेला. राजधानीतून एक मंत्री आला, बिगूल वाजला. पण पेटी खांद्यावर घेतली ती पाटावर भांडणाऱ्यांनीच, आणि तिथेही कुणी कुठल्या बाजूला खांदा द्यायचा यावरून त्यांची थोडी कुरबूर झाली. बासिलियाला प्रवास झेपला नाही. लिबोरिया एकटी जाऊन आली, आणि येताना वाळवलेल्या पीचची पिशवी घेऊन आली. त्या हिवाळ्यात टपरीवर आपीच्या जोडीला पीचचं सरबतही मिळत होतं.